निशाणी बांगडी

"सासरचं नको ताई, माहेरचं आडनाव सांगा. आणि मूळ गाव."

आडनाव तुम्ही सांगता. गाव सांगता येत नाही. वडिलांच्या अस्थी रामकुंडात सोडून अर्धा तासही झालेला नाही, पावलं अजून ओली आहेत. नाशिकला पंचवटीतल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली आहे आणि समोर उपाध्ये गुरुजी मांडी घालून बसलेत. साल २०२४, माघ महिना. तुमचं वय ५१. पुण्यातल्या एका कचेरीत इतरांचे हिशेब तपासण्यात २७ वर्षं गेली. गाव विचारलं की तुमच्या घरात सगळे 'मुंबई' म्हणायचे. गिरगावातली चाळ, दीड खोली, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ. त्याच्या मागे आणखी काही असेल, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मुंबई ही वस्ती झाली," गुरुजी म्हणतात. "गाव निराळं असणार. तुमच्याकडचं शेवटचं कोण आलं होतं इथे?"

"बाबाच. १९६४ मध्ये. आजोबांच्या अस्थी घेऊन."

गुरुजी आत जातात. बराच वेळ कपाटाची दारं वाजत राहतात. मग लाल खारव्यात बांधलेली एक लांबोडकी वही येते, तिची गाठ सुटते आणि जुन्या कागदाचा कोरडा, थोडा कडवट वास ओसरीवर पसरतो. पानं उलटत गुरुजींचं बोट एका जागी थांबतं. "हे बघा."

वडिलांचं अक्षर. निळी शाई, थोडं उजवीकडे झुकलेलं, 'श्री'चा शेवट लांब ओढलेला. पुढे तुमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर जी सही होणार होती तीच, फक्त तरुण. बोट त्या ओळीवर ठेवलं की ते याच ओसरीवर बसलेले दिसतात, वय २९, डोक्याचा गोटा केलेला, मांडीवर वही तोलून लिहीत. वडिलांचं नाव, तीन भावांची नावं, गिरगावचा पत्ता. तुमची आई त्यांच्या मागे उभी आहे. लग्नाला दोन वर्षं झाली आहेत, त्या दिवशी ती बरोबर होती हे तिनेच तुम्हाला सांगितलेलं आहे. नोंदीत ती नाही.

त्याच्या वरच्या ओळींना मात्र तुमचं बोट अडतं. तिथे अक्षर नाही, एक काळी लाट आहे. रेघेला लोंबणाऱ्या गाठी, वेटोळी, आकडे. कुठे शब्द संपतो नि कुठे सुरू होतो काही कळत नाही.

"मोडी," गुरुजी म्हणतात. "आमच्या आजोबांना घडाघडा यायची. मला अडखळत, तीही अलीकडची. हे इथे 'जुन्नर' आहे एवढं नक्की. म्हणजे गाव जुन्नर तालुक्यात कुठेतरी."

आणि त्या लाटेच्या मध्ये, उजव्या कडेला, एक शून्य. हिशेबनिसाच्या डोळ्याला आधी शून्यच दिसतं. पण ते पुरं झालेलं नाही. सुरुवातीला शाईचा मोठा थेंब, मग थरथरत गोल गेलेली रेघ, आणि टोकं जुळायच्या आधीच शाई संपलेली.

"हे काय?"

"निशाणी आहे कसली तरी."

तुम्ही मोबाइलवर पानाचे फोटो काढता. आजची नोंद लिहायला गुरुजी पेन पुढे करतात, आणि तुमच्या तोंडून निघून जातं, "नंतर येऊन लिहिते. आधी हे वाचते."

गुरुजी वही बांधून ठेवतात. "या. जागा आहे."

*

मोडीच्या वर्गात पहिल्या दिवशी अक्षर शिकवत नाहीत, रेघ शिकवतात. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आपण शब्द लिहितो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत रेघ आधी, पानाच्या या काठापासून त्या काठापर्यंत. मग तिला अक्षरं टांगत जायची, होईल तितका हात न उचलता. शिकवणारे गृहस्थ दप्तरखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला मोजके. वर्गात तुमच्याहून लहान बरेच आहेत. काही इतिहासाचे विद्यार्थी, काही वकील, काही घरातली कुणबी नोंद शोधायला निघालेले. २०२३ पासून त्या नोंदींचा सरकारी शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. तुमच्याजवळ फक्त एका पानाचा फोटो आहे.

बोरूची काडी वीतभर. टोक तिरकं तासायचं आणि त्यात मधोमध बारीक चीर द्यायची, म्हणजे शाई धरून राहते आणि बेताने सुटते. चाकू पहिल्यांदा अंगठ्यालाच लागतो. काजळ डिंकाच्या पाण्यात घोटून शाई केली, तर तीन दिवस नखं काळी राहतात. कचेरीत कुणी विचारलं तर तुम्ही हात टेबलाखाली घेता, आणि चौथ्या दिवशी घेत नाही.

दीड महिना तुम्ही डोळ्यांनी वाचायचा प्रयत्न करता. तक्ता समोर, भिंग हातात, चष्म्याचा नंबर दोन. जमत नाही. एकच 'र' शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलतो. वेलांटी एकच, तीही दीर्घ. उकार सगळे ऱ्हस्व. शब्दांत अंतर नाही, वाक्याला पूर्णविराम नाही. 'ध'चा 'मा' झाल्याची कथा लहानपणापासून ऐकलेली असते. ती कुठल्या लिपीत घडू शकते हे आता कळतं. शेवटी शिकवणारे एकदा तुमच्या वहीवर वाकतात आणि सांगतात, "बाई, हे बघून यायचं नाही. ज्याचं अक्षर वाचायचंय त्याच्यासारखं लिहा. हात जसा वळतो, तसं कळत जातं."

त्या रात्री तुम्ही वडिलांच्या नोंदीच्या लगेच वरच्या, आजोबांच्या असाव्यात अशा चार ओळी गिरवायला घेता. वाचायच्या नाहीत, नुसत्या उतरवायच्या. रेघ ओढायची, बोरू बुडवायचा, जिथे त्यांचा हात खाली आला तिथे खाली यायचं, जिथे त्यांनी वेटोळं घेतलं तिथे घ्यायचं. दहा वेळा, वीस वेळा. बाराला घरातले दिवे मालवले जातात, तुमच्या टेबलावरचा एक चालू राहतो. आणि एका वळणावर, मनगट आपसूक उजवीकडे फिरत असताना, कुणी कानात सांगावं तसा शब्द येतो: मातोश्री.

तुम्ही बोरू खाली ठेवता. उठून पाणी पिता. मग परत बसता, आणि त्या वेळी तुम्ही पुण्यात नसता.

*

फाल्गुन, शके १८५१. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. पण पौषाच्या आसपास इंग्रजी वर्ष उलटतं, म्हणून माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. म्हणजे मार्च १९३०. ही बेरीज तुम्हाला कुणी शिकवावी लागत नाही.

आजोबा ३५ वर्षांचे. गिरणीतले कारकून, काळी टोपी, कोटाच्या खिशाला पेन. त्यांचं अक्षर सरावाचं आहे, शाळेत घोटून घेतलेलं. तेव्हा मोडी शाळेत शिकवत, पत्रं आणि हिशेब तिच्यातच चालत. ते लिहितात की मातोश्रींच्या अस्थी आणल्या. मातोश्रींचं नाव ते लिहीत नाहीत. आईचं नाव घेणं, लिहिणं त्यांना अवघड वाटलं असेल. प्रेम कमी होतं असं मुळीच नाही. त्या चार ओळींत 'मातोश्री' तीनदा आलंय. पण नाव नाही.

ते वही परत देतात आणि तुम्ही त्यांच्या मागोमाग रस्त्यावर येता. गल्ली वळते आणि काळाराम मंदिराच्या बाजूला गर्दी दिसते. दरवाजे बंद आहेत. बाहेर माणसं बसली आहेत, बायकाही, उन्हात, शांत. २ मार्चला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं या दारापर्यंत आली आणि दार उघडलं गेलं नाही, म्हणून हा सत्याग्रह. दादासाहेब गायकवाड तो पुढे पाच वर्षं चालवणार आहेत. आजोबा क्षणभर थांबतात. काय वाटलं त्यांना, तुम्हाला माहीत नाही. घरात यातलं काही कधी बोललं गेलं नाही.

इथून पुढे जाण्याआधी हे मला सांगितलंच पाहिजे. ज्या वहीच्या जोरावर तुम्ही मागे मागे जात आहात, तिचं घर आणि ते बंद दार एकाच पंचवटीत आहेत. ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांच्या खापरपणजीचं नाव कुणी कुठल्या वहीत शोधायचं? गावकीच्या कागदांत, वतनाच्या तंट्यांत, कोर्टाच्या निवाड्यांत काही नावं सापडतात, तीही मोडीतच. ते वाचणारे हात आणखी हवेत, आणि त्या घरांतलेही हवेत.

*

आता ती वरची नोंद, जिच्याखाली शून्य आहे.

हे अक्षर आजोबांचं नव्हे, त्या काळच्या उपाध्यांचं आहे. घाईचं, सराईत, लपेटीचं. याला तुम्हाला चार महिने लागतात. पहाटे पाचला उठून एक ओळ, कचेरीला निघण्याआधी दुसऱ्या ओळीचा अर्धा भाग. एखादा शब्द आठवडाभर सुटत नाही आणि मग भाजी चिरताना सुटतो.

माघ, शके १८१८. ७९ मिळवा. फेब्रुवारी १८९७.

पुढचा शब्द 'मुंबई'. त्याच्या पुढचे दोन शब्द एकमेकांत अडकलेले. ते सुटतात तेव्हा तुमच्या अंगावर काटा येतो. 'गाठीचे तापाने.'

मुंबईत उतरा. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग, म्हणजे प्लेग, ओळखला आणि पाच महिन्यांत शहर ओस पडायला लागलं. सव्वाआठ-साडेआठ लाखांच्या वस्तीतली जवळपास निम्मी माणसं निघून गेली. घराघरात फवारे मारताहेत, चुन्याचा वास आहे, सोनापुरात चिता विझत नाहीत. एका खोलीत एक शिंपी पडलाय, काखेत गाठ आली आहे. उशाशी अर्धवट बेतलेलं कापड. त्याची बायको विशी-बाविशीची, मूल दोन वर्षांचं. चौथ्या दिवशी ती दोघंच उरतात.

बोरीबंदरच्या स्टेशनात, नव्या मोठ्या घुमटाखाली, तुम्ही तिच्या शेजारी उभ्या आहात. तिच्या पदराला एक गाठोडं बांधलेलं आहे, मुठीएवढं, ते ती दोन्ही हातांनी धरून आहे आणि म्हणून मूल कडेवर नीट बसत नाही. गाडीत मुंगी शिरायला जागा नाही. वाटेत गाडी थांबवून माणसं उतरवतात, डॉक्टर मानेखाली नि काखेत हात घालून बघतो. ती डोळे मिटून घेते. पुन्हा गाडी. कसाऱ्याला मागून आणखी एक इंजिन लागतं आणि घाटात थंडी आत येते. मूल तिच्या पदरात शिरतं. नाशिक रोडहून गावात घोड्यांची ट्राम जाते. तिच्याजवळ तेवढे पैसे असतील का? मला वाटतं ती चालत गेली असेल. तुम्हीही चाला.

नदीला इथे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. तांबट आळीतून हातोड्यांचे आवाज येताहेत, नारोशंकराच्या देवळातली ती प्रसिद्ध घंटा जागच्या जागी आहे. मुलाच्या बोटांत दर्भ अडकवून विधी होतो, तिने त्याचं मनगट धरलेलं. गाठोडं सुटतं. मग ती वर येते, ओल्या पायांनी, आणि ओसरीच्या खाली उभी राहते.

"बरोबर कोण?"

"कुणी न्हाई. ह्यो हाय."

"यजमानांचं नाव?"

ती गप्प. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नसतं. आता तो नाही, तरी जिभेला ते वळण नाही.

उपाध्ये समजतात. ते वही चाळतात, जुन्नर तालुका, आडनाव, आणि त्याच पानावर वर तिच्या सासऱ्याची जुनी नोंद सापडते. तिथे त्याच्या मुलांची नावं ओळीने आहेत. ते एकेक मोठ्याने वाचतात. पहिलं. दुसरं. तिसऱ्या नावाला ती मान हलवते.

हे सगळं वहीत लिहिलेलं नाही. वहीत तीन ओळी आहेत. पण त्या जुन्या नोंदीत तिसऱ्या नावाच्या डोक्यावर शाईचा एक बारीक ठिपका आहे, आणि त्याची शाई नोंदीच्या शाईहून वेगळी, १८९७ च्या ओळींइतकीच काळी आहे. लिहिणारा बोरू उचलून त्या नावावर थांबला होता. इतरांचे हिशेब तपासताना असे ठिपके तुम्ही जन्मभर पाहिले आहेत. त्यांचा अर्थ तुम्हाला कळतो.

मग उपाध्ये विचारतात, "तुझं?"

बरोबर दीर नाही, भाऊ नाही, सासरा नाही. सांगणारा पुरुष माणूस कुणी असता तर हा प्रश्न तिच्यापर्यंत आलाच नसता. ती नाव सांगते. ते उतरतं. पुढे कुणाची कोण, मुलाचं नाव, वय वर्षे २, मूळ गाव मौजे अमुक तालुके जुन्नर, हल्ली वस्ती मुंबई. आणि शेवटी दोन शब्द.

ते शब्द तुम्ही वाचता तेव्हा सकाळचे सहा वाजलेले असतात, दूधवाला येऊन गेलेला असतो. निशाणी बांगडी.

लिहिता न येणारी माणसं कागदावर आपली खूण करत. कुणब्याचा नांगर, शिंप्याची कातर. बायकांची बांगडी. अंगठा पुढे आला. त्याआधी माणूस ज्या वस्तूने ओळखला जाई, ती वस्तू काढी. तेव्हा ते शून्य नव्हतं. आठ दिवसांपूर्वी जिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या, तिच्या हातात बोरू दिला आणि सांगितलं, बांगडी काढ.

बघा तिच्याकडे. मनगटावर काचेचे ओरखडे अजून लाल आहेत. बोरू तिने सुईसारखा चिमटीत धरलाय. शाई जास्त घेतली, म्हणून सुरुवातीलाच थेंब पडला. ती घाबरून वर बघते, उपाध्ये 'असू दे' म्हणतात. मग ती गोल काढायला लागते, सावकाश, श्वास रोखून. पाऊण फेरा होतो, शाई सुकते, आणि परत बुडवायची असते हे तिला कुणी सांगितलेलं नाही. ती बोरू खाली ठेवते. उपाध्ये ओल्या शाईवर चिमूटभर वाळू टाकतात आणि पान झटकतात.

ती उठते. मूल झोपलंय. ते झोपलेलं मूल तुमचे आजोबा आहेत.

तुम्हाला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं, 'आजोबांची आई चोळ्या शिवून पोट भरायची.' नाव आजोबांनी लिहिलं नाही, वडिलांना ठाऊक नव्हतं. आता ते नाव तुमच्या टेबलावर आहे. ते मी इथे सांगत नाही. ते तुमच्या घरातलं आहे.

*

सासऱ्याची ती जुनी नोंद शके १७९९ ची, म्हणजे १८७७ ची. दुष्काळाचं साल, पुणे-नगर-सोलापूरकडची गावंच्या गावं पोटासाठी बाहेर पडत होती, आणि त्या लोंढ्यात हा शिंपीही जुन्नरहून मुंबईला उतरला असावा. त्याच्या नावाखाली कातर आहे, दोन पाती उघडलेली, मूठ गोल. ऐटीत काढलेली, शाई कुठे कमी नाही की जास्त नाही. तुमच्या स्वयंपाकघराच्या खणात एक जड लोखंडी कातर आहे. आई तिने दुधाच्या पिशव्या कापायची. ती कुठून आली, कुणी विचारलं नव्हतं.

तुम्ही जुन्नरकडच्या त्या मूळ गावी जाऊन आलात. गावात तुमच्या आडनावाचं एकही घर नाही, आणि जुन्या शिंपीआळीची कुणाला आठवणही नाही. हळहळलात, पण फार नाही. परतताना नाणेघाटात गेलात. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांचा. राणीचं नाव दगडात कोरलं गेलं. शिंपिणीचं वहीच्या कागदावर उतरलं. दोन्ही लिप्या रोजच्या वापरातून गेल्या, आणि दोन्ही कुणीतरी चिकाटीने वाचल्या म्हणून नावं परत मिळाली.

पान वाचून झालं, तरी पहाटेचं उठणं सुटलं नाही. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. पान हे निमित्त होतं. हाताला नाद लागला. आधी रेघ, मग तिला टांगलेली अक्षरं, मग फक्त एकच अक्षर अख्ख्या पानावर, हात न उचलता. हातकागदावर बोरू ओढताना जो खरखर आवाज येतो, त्याच्यासाठी तुम्ही सुट्टीची वाट बघू लागलात. चिटणिशी वळण वेगळं, रानडी वेगळं, हे आता लांबून ओळखता येतं. पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत, तंजावरला सरस्वती महालात मराठ्यांच्या मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. ते सगळं वाचून होणार नाही, आणि त्याचं दुःखही नाही. २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, ती संगणकावर टंकता येते. तुम्ही टंकत नाही. तुम्हाला शाई लागते.

सोसायटीतले लोक कागद घेऊन येतात. कुणाचं वाटणीपत्र, कुणाचं खरेदीखत. एकीच्या पणजीच्या पेटीत जपून ठेवलेला कागद निघाला, सगळ्यांना वाटलं जमिनीचा असेल. ती बाळंतविड्याची यादी होती: डिंक, खारीक, सुंठ, बदाम, किती शेर, किती पैशांचं. तुम्ही ती मोठ्याने वाचलीत, आणि ऐकणारी बाई तुमच्या सोफ्यावर बसून रडली.

पण रोज पहाटे, काहीही लिहिण्याआधी, तुम्ही एक गोल काढता. शाई थोडी जास्त घेता. मुद्दाम परत बुडवत नाही. जुळतो का बघता. वर्षभरात एकदाही तिच्यासारखा आलेला नाही. तुमचा फार गोल येतो.

*

२०२५. माघ. तीच ओसरी, तीच सतरंजी. गुरुजी खारव्याची गाठ सोडतात. या खेपेला तुम्ही पानावर बोट ठेवता आणि वाचता, मोठ्याने, न अडता. १८७७, १८९७, १९३०, १९६४. गुरुजी ऐकत राहतात. आतून त्यांचा नातूही येऊन उभा राहतो.

तुम्ही त्या बांगडीवरून बोट फिरवता. जिथे शाईचा थेंब पडला होता, तिथे बोटाला काही टोचतं. वाळूचा एक कण. शाईत रुतून बसलाय, १२८ वर्षं.

मग तुम्ही पिशवीतून आपली दौत आणि बोरू काढता. वडिलांची नोंद राहिली आहे. रेघ ओढता, काठापासून काठापर्यंत. वडिलांचं नाव, निधनाची तिथी. पुढे आईचं नाव, जे १९६४ मध्ये राहिलं होतं. मग आजीचं. मग तुमचं, माहेरच्या आडनावासकट, आणि तुमच्या लेकीचं. पणजीचं नाव वर आहेच. तरी पुन्हा एकदा लिहिता, ठळक.

"खाली बाळबोधीतही लिहा ताई," गुरुजी म्हणतात. "पुढच्यांना वाचता यायला हवं."

ते बरोबर आहे. तुम्ही लिहिता.

वाचकहो, नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया, जिथे तुमच्या घरचं कुणी गेलं असेल तिथल्या उपाध्यांकडे आडनाव आणि गाव सांगून वही मागा. घरात मोडीचा कागद असेल तर तो रद्दीत देऊ नका, वाचणाऱ्याकडे न्या. त्याहून चांगलं म्हणजे स्वतः शिका, चाळिशी-पन्नाशीतही हात वळतो. आणि नोंद करायची वेळ येईल तेव्हा घरातल्या बायकांची नावं लिहा. पणजीचं नाव माहीत नसेल, तर आजच घरातल्या थोरल्या माणसाला विचारा.